हिरव्या डबीतली बारी

माझा पहिला एमपीथ्री प्लेअर माझ्या पैशांनी आला, माझ्यासाठी आला, आणि पसंत मात्र बाबांनी केला. आमच्या घरात बहुतेक वस्तू अशाच येतात. आईसाठी फ्रिज घेतला तेव्हा त्याचा रंग बाबांच्या भजनातल्या पखवाजवाल्याने ठरवला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण तो दुकानात बरोबर होता आणि त्याने मेहरून म्हटलं. म्हणून आमच्याकडे मेहरून फ्रिज आहे.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तेव्हा वसई पूर्वेला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. दिवसभर नट, बोल्ट, वॉशर मोजून द्यायचे आणि कमी भरले की शिव्या खायच्या. माझ्या बरोबरीच्या प्रत्येकाच्या कानातून एक वायर निघून खिशात जायला लागली होती. तुळिंजला भाजी घेणारे लोकसुद्धा कानात वायर ठेवून घासाघीस करायचे. मलाच तेवढी वायर नव्हती. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर मी ठरवलं की आता बास, वायर घ्यायची.

महिनाभर मी चौकशी केली. एका वहीत रकाने पाडले: मेमरी किती, बॅटरी किती तास, रेडिओ आहे का, दिवा कुठल्या रंगाचा लागतो. एवढ्या चौकशीत आमच्या लोकांत लग्न ठरतं. शेवटी एका रविवारी सकाळी मी तुळिंज रोडवरच्या दुकानात जायला निघालो. हे दुकान आधी कॅसेटचं होतं, मग सीडीचं झालं, मग मोबाइलच्या कव्हरचं, आणि पावसाळ्यात छत्र्यांचंही व्हायचं. मी चपला घालतोय तोवर बाबा सदरा घालून तयार. "माका खडीसाखर घेवची आसा," ते म्हणाले. खडीसाखर खालच्या वाण्याकडे मिळते, हे त्यांनाही माहीत होतं.

खडीसाखर घशासाठी. बाबा छापखान्यात अक्षरं जुळवण्याचं काम करून निवृत्त झाले होते, पण ती झाली नोकरी. मूळचे ते भजनी बुवा. नालासोपाऱ्यात आमच्या कोकणातल्या माणसांच्या जितक्या इमारती तितकी भजनी मंडळं, आणि दोन मंडळं जवळ आली की डबलबारी ही आलीच. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, मागे टाळ कुटणारा कोरस. आधी एकाने गायचं, मग दुसऱ्याने. नाव देवाचं घ्यायचं आणि मधल्या जागेत समोरच्या बुवाची यथेच्छ धुलाई करायची, तीही चालीत. समोरच्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं. विठ्ठल फोटोतून दोघांचंही ऐकून घेतो. त्याच्याइतका सोशिक पंच दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. गावाला हे रात्रभर चालतं. आमच्याकडे दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून देवाला रविवारी दुपारी चारला जागं करतात.

आदल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पूजेला विरारचा एक तरुण बुवा बोलावला होता. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा, केसांना जेल लावलेला. गजर म्हणजे बारीचा शेवटचा, जोरातला भाग. लोक हारजीत तिथेच ठरवतात. त्याने गजर असा चढवला की शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. मग बाबांची पाळी आली. त्यांनी वरच्या सुराला हात घातला आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. आम्ही कोरसवाल्यांनी टाळ जोरात बडवून झाकाझाक केली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "माईक फुसको होतो." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे वर्षभर आमच्या घरात त्या माईकवाल्याचा उद्धार चालू होता. जेवताना, सणासुदीला, पाहुणे आले की खास. आवाजाचं नाव कोणीच काढलं नाही. बाबांना पेटीवरून उठवून तिथे दुसरा कोणी बसवावा, अशी कुजबुज मंडळात सुरू झाली होती आणि ती बाबांच्या कानावरही आली होती. यंदाच्या पूजेला पुन्हा तोच विरारचा बुवा ठरला होता. ही बारीही हातची गेली तर बाबांची पेटी जाणार, हे मंडळातल्या टाळ वाजवणाऱ्या पोरांनाही कळत होतं. नोकरी संपली तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. पेटी गेली असती तर त्यांनी काय केलं असतं, याचा विचार मी करत नसे.

दुकानात मी पसंत केलेला प्लेअर चंदेरी, सडपातळ, निळा दिवा लागणारा होता. बाबांनी तो उचलला, उलटा केला, वास घेतला आणि विचारलं, "ह्येच्यात रेकॉर्ड होता काय?"

"नाही काका, यात फक्त ऐकायचं. पण साउंड बघा ना, एकदम कडक."

"मगे फुडचो दाखव."

पुढचा हिरवा होता. जाडजूड, चुन्याच्या डबीसारखा. स्क्रीनवर मुंगीएवढी अक्षरं आणि मेमरी माझ्या चंदेरीच्या पाव. अशा वस्तू माझ्या वहीत पहिल्याच पानावर बाद झाल्या होत्या. "यात रेकॉर्डिंग आहे, काका," दुकानदार म्हणाला. "आठ तास."

बाबा स्टुलावर बसले. डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि भर दुकानात आलाप लावला. रिचार्ज करायला आलेल्या बाई नंबर सांगता सांगता थांबल्या. बाहेर दोन रिक्षावाले उभे राहिले. दुकानदार बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता, पण आलापाच्या मध्यात बुवाला थांबवायची हिंमत मला आजवर झालेली नाही. संपल्यावर दुकानदाराने त्यांच्या कानात वायर घातली. कानात वायर असली की आपण ओरडतो हे बाबांना माहीत असायचं कारण नव्हतं. "आवाज चांगलो येता रे!" हे नाक्यापर्यंत ऐकू गेलं. थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण मशीन आवाज बारीक करता."

"सगळ्याच मशीनमध्ये होतं तसं, काका," दुकानदार म्हणाला. धंदा कळणारा माणूस होता. मी हिरव्या डबीचे पैसे मोजले आणि रकाने पाडलेली वही खिशातच ठेवली.

रस्त्यात खरा बेत बाहेर पडला. पुढच्या रविवारी विरारला त्या तरुण बुवाची बारी होती. मी जाऊन बसायचं, मशीन खिशात चालू ठेवायचं आणि सगळी बारी भरून आणायची. "तो काय म्हणता, टोमणो कसो मारता, गजर खय उचलता, सगळा माका होया."

"बाबा, ही हेरगिरी झाली."

"तेका अभ्यास म्हणतत."

मशीनमध्ये माझी गाणी भरायची राहिली होती आणि माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कारखान्यात हिशेबाच्या खात्यात वसईतल्या पापडी गावचा एक मित्र होता, त्याच्याकडे होता. तो त्यांच्या चर्चच्या गायनमंडळात गायचा. त्याने माझी हिंदी गाणी भरली आणि न सांगता आपल्या मंडळाची भक्तिगीतंही भरून दिली. मी त्याला डबलबारी समजावून सांगितली तेव्हा तो जरा गंभीर झाला. "म्हणजे तुम्ही देवासमोर एकमेकांना टोमणे मारता? आमच्याकडे ते मीटिंगमध्ये मारतात, गाण्यात नाही." बाबांनी ती गीतं मन लावून ऐकली. शब्दांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. "कोरस बग कसो बसलोहा," ते मला म्हणाले. "एकय माणूस फुडे पळणा नाय. आमच्या गाढवांका ऐकव जरा." त्या गाढवांत मी होतो.

रविवारी मी आणि पखवाजवाला विरारला गेलो. पखवाजवाला आमच्याच मजल्यावर राहायचा, आठवडाभर प्लंबिंग करायचा आणि रविवारी बाबांच्या डाव्या हाताला बसायचा. मी पांढरा शर्ट घालून गेलो ही पहिली चूक. मशीन चालू केलं की त्याचा लाल दिवा लुकलुकायचा आणि तो कापडातून दिसायचा. "तुजा काळीज पेटल्यासारख्या दिसता," पखवाजवाला म्हणाला आणि त्याने आपला रुमाल माझ्या खिशात कोंबला. त्या रुमालाला पाइप जोडायच्या डिंकाचा वास येत होता. तिसऱ्या रांगेत आम्ही दोघे देवभक्त चेहरा करून बसलो.

तो बुवा चांगला गायला. हे लिहायला मला आजही जड जातं. टोमणे सुमार होते, जेल जास्त होतं, पण गळा तयार होता आणि तो गाताना त्याला मजा येत होती. पखवाजवाला मांडीवर बोटांनी ताल धरून होता आणि मधूनमधून शिव्या देत होता. तो शिव्या देतो म्हणजे त्याला आवडतं. चहा आला, पोहे आले. तास-दीड तास झाल्यावर खिशातल्या मशीनचा आम्हाला पूर्ण विसर पडला.

गजर सुरू झाला तसा पखवाजवाला माझ्या कानाशी वाकला. "काळी दोनात उचलल्यान बग." काळी दोन म्हणजे पेटीवरची ती पट्टी, जिच्यात आमचे बाबा तीस वर्षं गात होते. "आणि वर जाताना हसता काय मेलो. आपल्या बुवांका झेपात काय ह्या?"

"नाही झेपत," मी म्हणालो. "मागच्या वर्षी माईक ठणठणीत होता रे. आवाज गेलाय बाबांचा. पट्टी उतरवली तर अजून दहा वर्षं गातील. पण सांगणार कोण? घराबाहेर काढतील."

"मी तर सांगूचंय नाय."

"मीपण नाही. माईकवाल्याला शिव्या घालायच्या आणि गप जेवायचं."

यावर आम्ही दोघे हसलो. चांगलं खळखळून हसलो, कारण पोटात पोहे होते आणि बाबा एक स्टेशन लांब होते.

घरी आल्यावर मी मशीन बाबांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. कानात वायर, मांडीवर वही, नाकावर चष्मा. मी कामावर जाताना ते तिथे असायचे आणि परत यायचो तेव्हाही तिथेच. मला वाटलं, अभ्यास जोरात चाललाय.

बुधवारी मला पूजेसाठी केळीचे खांब आणि फुलं सांगायला निर्मळला जायचं होतं. कामावरून लवकर सुटून घरी आलो, तर मशीन टेबलावर पडलं होतं. म्हटलं, चला, आपल्या वस्तूचा आपल्याला एकदा तरी उपयोग होऊ दे. एसटीत खिडकीशी बसलो, वायर घातली आणि बटण दाबलं. गाण्याच्या जागी बारी लागली. बुवा कुठेतरी लांब, विहिरीच्या तळाशी बसून गातोय असा. आणि मग एकदम कानात, अगदी आतमध्ये, स्वच्छ, खणखणीत माझा आवाज: आवाज गेलाय बाबांचा.

खिशातल्या मशीनला सगळ्यात जवळचा माणूस मीच होतो. एवढी साधी गोष्ट महिनाभर रकाने पाडणाऱ्या माझ्या डोक्यात आली नव्हती. पुढचं सगळंही होतं. घराबाहेर काढणं, माईकवाला, जेवण, आणि शेवटी ते हसणं. बोलण्यापेक्षा हसणं मोठं ऐकू येत होतं. कंडक्टर समोर उभा राहून तिकीट मागत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. शत्रूची बारी चोरायला गेलो आणि स्वतःचाच जबाब नोंदवून बापाच्या हातात नेऊन दिला.

निर्मळच्या बागेत मी केळीचे खांब किती सांगितले, फुलं कुठली सांगितली, काही आठवत नाही. बाबा तिथपर्यंत पोचलेच नसतील, एवढी एकच आशा धरून परत आलो. गॅलरी रिकामी होती. वही खुर्चीवर होती. छापखान्यातल्या माणसाचं सुरेख अक्षर, पानामागून पान. कुठला टोमणा, कुठल्या चालीत, त्याला उत्तर काय द्यायचं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "गजर. काळी दोन." त्याच्यापुढे काहीच नव्हतं. त्या बारीत गजर पुढे चांगला वीस मिनिटं चालला होता.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुजो बापूस दोन दिवस नीट जेवणा नाय. काय बोललंस काय तेंका?"

"नाही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. त्यांना मी काही बोललो नव्हतो, हाच तर सगळा घोळ होता.

त्यानंतरचे दहा दिवस मी आयुष्यात पुन्हा मागणार नाही. बाबा माझ्याशी नेहमीसारखे वागत होते. पेपर मागत होते, पंखा बंद करायला सांगत होते. माईकवाल्याचं नाव मात्र घरातून गेलं. एकदा पाहुणा आला आणि त्याने आपणहून विषय काढला, "काय बुवा, यंदा तरी माईक बरा आणा." बाबांनी त्याला चहा घ्यायला सांगितलं. मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा दूध आणायचं का विचारलं, दुसऱ्यांदा वेळ विचारली, तिसऱ्यांदा काहीच सुचलं नाही म्हणून खडीसाखर संपली का ते विचारलं. पखवाजवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "माजोय आवाज आसा काय तेच्यात?" मी म्हटलं, आहे. तेव्हापासून तो जिना चढताना चपला हातात घेऊ लागला.

पूजेचा रविवार आला. मंडप भरला. पहिली बारी विरारच्या बुवाची होती. त्याने जुनी मोटार घाटात धापा टाकते असं काहीतरी जोडून आणलं होतं आणि "मोटार" म्हणताना तो बाबांकडे हात करत होता. लोक हसले. मागे बसलेले आमच्या मंडळाचे दोघेतिघेही हसले, ते मी पाहून ठेवलं. बाबा मांडी घालून शांत बसले होते. या मोटारीला वहीत तीन उत्तरं लिहिलेली होती, मी वाचली होती. वही त्यांनी आणलीच नव्हती.

मग आमची बारी. मी कोरसात टाळ घेऊन बसलो. बाबांनी पेटीचा भाता उघडला, पखवाजवाल्याकडे झुकले आणि एका सुरावर बोट ठेवलं. काळी एक. पखवाजवाल्याला वाटलं, बोट चुकून पडलं. तो थांबला. बाबांनी बोट उचललं नाही. तेव्हा त्याने हातोडी घेतली आणि पखवाजाच्या कडेला खालून वर ठोके द्यायला लागला. पखवाज चढवायचा तर वरून ठोकतात, उतरवायचा तर खालून. मंडपात बसलेल्या अर्ध्या लोकांना हे माहीत होतं. एकेक ठोका पडत होता आणि मंडप गप्प होत होता. तीस वर्षांची पट्टी तिथे सगळ्यांसमोर उतरत होती, आणि ती उतरवायला मी लावली होती. हातातले टाळ कुठे ठेवावेत मला कळत नव्हतं.

बाबा गायले. मोटारीला उत्तर दिलं नाही. अभंग घेतला, गवळण घेतली. किती वर्षांनी मी त्यांचा आवाज घाबरल्याशिवाय ऐकत होतो. वरचा सूर जवळ आला की मी दात आवळायचो, ते आवळायची गरज पडली नाही. आवाज खाली होता पण भरलेला होता, आणि पुढच्या रांगेतल्या बायका पोरांना गप करून ऐकत होत्या. गजर मात्र चढला नाही. तो चढणारच नव्हता. मला विचाराल तर आम्ही हरलो. गॅलऱ्या भरल्या नाहीत. विरारवाल्यांनी आपल्या बुवाला खांद्यावर घेतलं आणि आमच्या मंडळाच्या माणसांनी मंडप सोडायला घेतला. पेटीवर दुसरं कोणी बसवायचं बोलणं त्या दिवशी कोणी काढलं नाही, आणि पुढच्या वर्षीही काढलं नाही.

लोक प्रसादाला गेल्यावर बाबा पेटी कापडात बांधत होते. मी कापडाचं दुसरं टोक धरायला गेलो. पखवाजवाला लगेच केळीचे खांब मोजायच्या निमित्ताने लांब गेला.

"माका सांगूक तुका मशीन कित्याक लागला रे?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तोंडार सांगलं असतंस तर?"

एरवी मला खूप उत्तरं येतात. तेव्हा एकच आलं. "भीती वाटत होती, बाबा."

त्यांनी गाठ घट्ट केली, तपासली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"माका पण," ते म्हणाले. "तुज्यापेक्षा जास्त."